रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं चाळीस सेकंदांचं दृश्य कसं घडतं

ठाणे खाडीचा राखाडी चिखल, त्यावर लांबवर एक गुलाबी रेघ, मागे कोवळ्या उन्हात मुलुंड-भांडुपच्या इमारती. मग तोच थवा जवळून, सगळ्यांच्या माना खाली. मग एकच चोच, तिच्या कडेने पाणी झरतंय. चिखल तुडवणारे पाय. अचानक वर आलेली एक मान. थवा चार पावलं पळतो आणि हवेत उठतो. शेवटी रिकामा चिखल, त्यावर पावलांचे ठसे आणि त्यात शिरणारं भरतीचं पाणी. सात शॉट, चाळीस सेकंद.

पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी कॅमेरा घेऊन गेलं, समोर रोहित पक्षी होते, टिपले. प्रत्यक्षात असे सात शॉट बहुतेक वेळा तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, दोन जागांवरून घेतलेले असतात. त्यातला आवाज त्या शॉटचा नसतो. आणि या सगळ्यात कॅमेऱ्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो. वन्यजीवांचा माहितीपट उभा राहतो तो त्या प्राण्याच्या वेळापत्रकावर. ते ज्याला पाठ आहे त्याला साध्या कॅमेऱ्यातही दृश्य मिळतं. ज्याला नाही तो लाखांचं भिंग घेऊन रिकाम्या चिखलासमोर बसतो. ठाणे खाडीत हे वेळापत्रक लिहितो चंद्र.

आधी पंचांग

खाडीत रोहितांच्या दोन जाती येतात, छोटा रोहित आणि मोठा रोहित. साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा रोहितांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात अर्ध्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकीचं पाणी-चिखल. २०२२ मध्ये ठाणे खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. हे पक्षी इथे येतात ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलासाठी. त्या चिखलावरच्या सूक्ष्म शैवालावर छोटा रोहित जगतो. मोठा रोहित त्याच चिखलातले बारीक किडे, कोळंबीसारखे जीव गाळून खातो.

म्हणजे चिखल उघडा तर पक्षी चरणार, बुडाला तर सरकणार. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोज वेळ पाऊण तासाच्या जरा वर पुढे सरकते. कोळीवाड्यात हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा अंदाज आहे. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती आणखी उशिरा पोचते. म्हणून तिथीने दिवस निवडायचा आणि भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून वेळ पक्की करायची.

आता याच्यावर उजेडाचा हिशोब चढवा. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. पण त्या दिवशी पूर्ण भरती भर दुपारी. सकाळी, जेव्हा ऊन सोनेरी असतं, तेव्हा ओहोटी नुकतीच पूर्ण झालेली असते आणि पक्षी पार लांब, खाडीच्या मधल्या पात्राजवळ. गुलाबी ठिपके दिसतात, बाकी काही नाही. दुपारी पाणी त्यांना जवळ ढकलतं तेव्हा ऊन डोक्यावर आणि पिसांचा रंग धुतल्यासारखा. उलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं. सूर्य उगवेपर्यंत भरती होऊन गेलेली असते आणि पाणी मागे सरकत असतं. पक्षीही त्याच्यामागे लांब जातात.

हवी ती गोष्ट मधे सापडते. एकादशी ते त्रयोदशी. या तिथींना पूर्ण भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढणीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटरचा फरक असेल तर मधल्या दोन तासांत दोन मीटर पाणी चढतं. त्रयोदशीला हे मधले दोन तास साधारण सकाळी सहा ते आठ असतात. चिखलाची पट्टी डोळ्यांदेखत अरुंद होते, विखुरलेले पक्षी दाटीने कांदळवनाच्या कडेला येतात, आणि नेमकं तेव्हाच फेब्रुवारी-मार्चचं सकाळचं ऊन आडवं पडत असतं. महिन्यात शुद्ध आणि वद्य मिळून अशा सहा सकाळी. डिसेंबर ते मे धरले तर छत्तीस. त्यातल्या काही धुक्यात आणि धुरक्यात जातात. चित्रीकरणाचं वर्ष खरं तर इतकंच असतं.

उधाणाच्या दिवसांनाही एक काम आहे. तेव्हा चिखल पूर्ण बुडतो आणि पक्षी विसाव्याला नवी मुंबईतल्या नेरुळकडच्या पाणथळींवर येतात. तिथे ते काठापासून खाडीतल्यापेक्षा पुष्कळ जवळ असतात. चोच आणि पाय यांचे जवळचे शॉट मिळायची शक्यता तिथेच. आपल्या सात शॉटपैकी निदान दोन नेरुळचे असतात, म्हणूनच ‘दोन जागा’.

सूर्य, वारा आणि तुम्ही

खाडी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. पूर्वेला नवी मुंबई, पश्चिमेला मुंबई. सकाळी ऐरोलीच्या बाजूला असलात तर सूर्य पाठीशी आणि पक्षी पूर्ण उजेडात. संध्याकाळी त्याच जागी सूर्य समोर येतो आणि सगळा थवा काळ्या आकृत्यांचा होतो. ते दृश्यही सुंदर असतं, पण त्यात छोटा कोण आणि मोठा कोण हे कळत नाही.

वाऱ्याचंही असंच. रोहित जड अंगाचा पक्षी, उडण्याआधी त्याला धाव घ्यावी लागते आणि तो वाऱ्याला तोंड देऊन धावतो. वारा तुमच्या पाठीकडून वाहत असेल तर पक्षी तुमच्या दिशेने उठतील, चेहरा आणि पंख दोन्ही दिसतील. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा जमिनीकडून खाडीकडे असतो, म्हणजे ऐरोलीच्या काठावर तोही पाठीशी. दुपारी समुद्रावरून उलटा वाहू लागला की थवा शेपटी दाखवून उठतो. ज्याला ‘नशिबाने मिळालेला शॉट’ म्हणतात त्यात ही दोन गणितं बसलेली असतात.

भिंगाचा हिशोब

किती मोठं भिंग लागेल, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. त्याचं उत्तर भागाकारात आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. ३६ ला भिंगाच्या मिलिमीटरने भागा आणि अंतराने गुणा. चौकटीत किती मीटर रुंदीचं जग मावतं ते कळतं. ६०० चं भिंग आणि १०० मीटर अंतर असेल तर ६ मीटर रुंद. व्हिडिओची चौकट १६ बाय ९, म्हणून उंची साडेतीन मीटरच्या आत. छोटा रोहित उभा असतो साधारण ८०-९० सेंटिमीटर, म्हणजे चौकटीच्या पाव उंचीचा. थव्याच्या शॉटला हे छान आहे. चोचीला अजिबात पुरत नाही. चोचीसाठी ३० मीटरच्या आत यावं लागेल. होडीतून ते सहसा जमत नाही आणि जमवायचा प्रयत्नही करू नये.

याहून लांब भिंग घेतलं तर? तिथे हवा आडवी येते. ऊन तापलं की ओल्या चिखलावरची गरम हवा हलायला लागते आणि लांबचं सगळं पाण्यातून पाहावं तसं थरथरतं. फोकस बरोबर असूनही चित्र मऊ येतं. नवखा माणूस भिंगाला दोष देतो, दुरुस्तीला पाठवतो, आणि भिंग निर्दोष असल्याचं कळतं. भिंग जितकं लांब तितका हा दोष मोठा दिसतो, आणि कॅमेरा चिखलाच्या पातळीला जितका खाली तितका जास्त. साडेनऊनंतर लांबचे शॉट घेणं बंद करावं. कार्ड भरतात, उपयोग होत नाही.

होडीत तिपाई ठेवायची नाही. इंजिनाची थरथर तिच्या पायांतून थेट भिंगात जाते. इंजिन बंद करून, काठावर तांदूळ किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी ठेवून त्यावर भिंग टेकवतात. पिशवी थरथर शोषते, हलतो तो फक्त लाटेचा संथ झोका. सेकंदाला २५ ऐवजी ५० चौकटी घेतल्या आणि निम्म्या वेगाने दाखवल्या तर तो झोका आणखी शांत होतो.

शटरचा नियम असा की चौकटींच्या वेगाच्या दुप्पट ठेवायचा: २५ ला १/५०, १०० ला १/२००. त्याने हालचाल डोळ्याला सहज वाटते. पण भर उन्हात, एफ ८ वर, आयएसओ ८०० आणि १/५० ठेवलं तर चित्र सहा स्टॉप जास्त उजळतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणून एनडी ६४ हा काळा फिल्टर लागतो. शंभर चौकटींना एनडी १६ पुरतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सोय, ऑटोवर ठेवू नये. चौकटीत इमारती आल्या, गेल्या, पाणी वाढलं की कॅमेरा रंग बदलत राहतो, आणि एकाच पक्ष्याचा गुलाबी तीन शॉटमध्ये तीन तऱ्हेचा येतो. ५६०० केल्विनवर पक्का करावा. उजेड मोजतानाही तेच: राखाडी चिखल पाहून कॅमेरा उजळवतो आणि लाल रंगाची माहिती आधी जळते. जळलेला गुलाबी नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

चोच

हा शॉट पाच सेकंदांचा असतो, पण सगळ्या दृश्याचा जीव त्यात आहे. रोहित खाताना डोकं उलटं करतो. वरची चोच खाली जाते, खालची वर. चोचीच्या आतल्या कडेला बारीक दातऱ्यांची जाळी असते आणि जाड मांसल जीभ पिचकारीतल्या दट्ट्यासारखी मागे-पुढे होते. जीभ मागे गेली की पाणी आत. पुढे आली की पाणी जाळीतून बाहेर आणि शैवाल आत अडकलेलं. छोट्या रोहिताची जीभ हे इतक्या झपाट्याने करते की नुसत्या डोळ्याला फक्त चोचीजवळचं पाणी थरथरताना दिसतं. सेकंदाला २५ चौकटींत तेही पुसट येतं. १०० किंवा १२० चौकटी घेऊन २५ ने दाखवल्या की एकेक उसासा सुटा होतो: पाणी ओढलं, थांबलं, कडेने फेकलं. उजेड बाजूने आणि थोडा मागून असावा, म्हणजे थेंब चमकतात. पक्षी आडवा, चोच पूर्ण बाजूने दिसेल असा. तो वळेपर्यंत थांबायचं.

याच शॉटमध्ये संकलनातली सगळ्यात मोठी चूक होते. छोट्या रोहिताची चोच गडद, काळपट तांबडी असते. मोठ्या रोहिताची फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. थवा छोट्यांचा दाखवायचा आणि जवळचा शॉट मोठ्याचा लावायचा, हे कितीतरी चित्रफितींमध्ये दिसतं. सामान्य प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. पण दोघांचं अन्न वेगळं, चोचीची जाळी वेगळी. निवेदन शैवालाचं आणि चोच किडे गाळणाऱ्याची, म्हणजे सरळ चुकीची माहिती. चिखल गोल गोल फिरून तुडवणं ही सवयही मुख्यतः मोठ्याची. पायांचा शॉट कुणाचा आहे, हे वहीत लिहिलेलं असलं पाहिजे.

माना वर आल्या की

उडणाऱ्या थव्याचा शॉट सगळ्यांना हवा असतो, आणि सगळ्यात जास्त अन्याय याच शॉटसाठी होतो. होडी जोरात आत घालायची, टाळ्या वाजवायच्या, की थवा उठतो. हे करू नये, आणि कुणी करत असेल तर त्याला थांबवावं. रोहितांना चरायला ओहोटीचे ठरावीक तास मिळतात. दर उड्डाणात त्यांची ताकद जाते आणि चरण्याचा वेळही. मे महिन्यात, लांबच्या प्रवासाआधी, हे नुकसान आणखी भारी पडतं. खाडीवरून विजेच्या उच्च दाबाच्या तारा गेलेल्या आहेत आणि विमानांचे मार्ग आहेत. घाबरलेला थवा दिशा निवडून उडत नाही.

थवा आधी सांगतो. पहिली खूण म्हणजे चरणं थांबतं. मग माना एकेक करून वर येतात, सरळ काठीसारख्या. मग पक्षी एकमेकांच्या जवळ सरकतात आणि सगळे एकाच दिशेने, तुमच्यापासून लांब, चालू लागतात. त्यानंतर उडतात. दहातल्या तीन-चार माना वर दिसल्या की इंजिन बंद, सगळे बसलेले, बोलणं बंद. माना खाली गेल्या नाहीत तर मागे फिरायचं. सरळ थव्याच्या रोखाने होडी कधी न्यायची नाही. तिरपी, बाजूने, संथ.

आणि खरं सांगायचं तर थवा उठवायची गरजच नसते. भरती उठवते. पाणी चढत गेलं की चिखलाचा शेवटचा तुकडा बुडतो आणि पक्षी आपणहून, गटागटाने निघतात. छोट्यांचे पाय आखूड, ते बहुधा आधी. ज्याने तिथी आणि तक्ता नीट पाहिला त्याला हे पाच-दहा मिनिटांच्या फरकाने आधी माहीत असतं. कॅमेरा लावून बसायचं. अशा उड्डाणात थवा ओळीने, सुटसुटीत उठतो. घाबरून उठलेला थवा गोळ्यासारखा, आडवातिडवा. जाणकार प्रेक्षकाला हा फरक पडद्यावर ओळखू येतो.

परवानगीबद्दल थोडक्यात. अभयारण्यात चित्रीकरणासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात चित्रपटनिर्मितीचा उल्लेख आला, तोही अधिवासात बदल न करता आणि अपाय न करता, या अटीवर. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होणारी होडीची फेरी पर्यटकांसाठी आहे; तिचं तिकीट म्हणजे चित्रीकरणाची परवानगी नव्हे. ड्रोनचा विचार इथे सोडूनच द्यावा. अभयारण्य, दोन्ही बाजूंना विमानतळ, आणि वरून घरघरत येणारं यंत्र पाहून रोहितांना शिकारी पक्षीच आठवतो.

आवाज कुठून येतो

शंभर मीटरवरच्या चोचीची ‘चुळचुळ’ कॅमेऱ्यावरच्या माइकला ऐकू येत नाही. माइकला भिंगासारखं जवळ जाता येत नाही. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. १७० मीटरवर पंख फडफडले तर आवाज अर्ध्या सेकंदाने, म्हणजे १२ चौकटी उशिरा येतो. म्हणून वन्यजीवपटाचा आवाज जवळजवळ नेहमीच वेगळा रेकॉर्ड होतो आणि नंतर जुळवला जातो.

त्याचे तीन थर असतात. पहिला जागेचा आवाज: वारा, लांबची गाडी, पाणी, शेकाटे या लांब पायांच्या पाणपक्ष्यांची किरकिर. प्रत्येक जागी निदान दोन मिनिटं, कुणी न बोलता, कुणी न हलता. संकलनात शॉट तुटतात, हा थर सलग राहतो आणि सगळं जोडून धरतो. तो घ्यायला लोक विसरतात आणि मग दृश्यात प्रत्येक कटला आवाज धक्का देतो. खाडीत यासाठी रविवारची पहाट बरी. पुलांवरची रहदारी तेव्हा विरळ असते. पुलाची धडधड खालच्या पट्टीत असते, ८० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कापला की बरीचशी जाते. माइकवर केसाळ आवरण हवंच. वाऱ्याने एकदा फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही.

दुसरा थर पक्ष्यांचा. रोहितांचा थवा बदकांसारखा, घशातला, सतत बडबडतो. हा आवाज नेरुळच्या पाणथळीवर, जवळून मिळतो. तिसरा थर हाताने केलेला: चिखलात पाय पडण्यासाठी घमेल्यात ओला चिखल आणि त्यावर बोटं, पंखांसाठी कापडाची किंवा छत्रीची फडफड. ही फसवणूक आहे का? चित्रात पाय पडताना दिसतोय आणि तो आवाज त्या जागी खरोखर होतो, तर तो ऐकवण्यात गैर नाही. पण त्या खाडीत नसलेल्या पक्ष्याची हाक लावणं, कानाला गोड वाटते म्हणून, हे गैर आहे. पक्षी ओळखायला शिकणारी मुलं कानानेही शिकतात.

कापणं आणि जोडणं

तीन दिवसांचे शॉट एका सकाळचे वाटावेत यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: सावलीची दिशा, पाण्याची पातळी आणि पिसांचा रंग. पहिल्या शॉटमध्ये गुडघाभर पाणी आणि पुढच्यात कोरडा चिखल आला की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण खटकतं. म्हणून पातळी दृश्यभर एकाच दिशेने जाऊ द्यावी, चढती तर चढतीच. डिसेंबरचा आणि मेचा पक्षीही एक नसतो. रंग अन्नातल्या द्रव्यांवर भरतो, आणि राखाडी-तपकिरी पिल्लं मधूनच दिसतात.

इथे निवेदनाची गल्लत होते. राखाडी पिल्लू दिसलं की ‘आईच्या मागे चालणारं बाळ’ असं लिहायचा मोह होतो. रोहित ठाणे खाडीत घरटी करत नाहीत. त्यांची मातीच्या ढिगाऱ्यांची घरटी कच्छच्या रणात असतात. इथलं पिल्लू दुसरीकडे जन्मून, उडून, आपल्या पंखांवर आलेलं असतं. कच्छच्या घरट्यांचा शॉट ठाण्याच्या दृश्यात जोडला तर जागा सांगावीच लागते.

दुसरा मोह पुलाचे खांब, तारा, इमारती चौकटीबाहेर ठेवण्याचा. आमच्या मते तो चुकीचा. खाडीच्या काठी रोहित का वाढले याची जी कारणं अभ्यासक देतात त्यात सांडपाण्यासोबत येणारी पोषकद्रव्यंही आहेत. त्याने शैवाल वाढतं. म्हणजे हा थवा शहराला विसरून आलेला नाही, शहराच्या कडेला, शहरामुळेही आलेला आहे. आणि तेच शहर त्याचं पाणी अडवूही शकतं. नेरुळची तळी भरती-ओहोटीच्या पाण्यावर जगतात. पाणी आत येणारी वाट बुजली की पाणी साचून शेवाळतं, आटतं, आणि रोहितांना बसायला जागा राहत नाही. २०२४ मध्ये नेरुळच्या डीपीएस तलावाच्या परिसरात रोहित मेलेले सापडले, ते पुष्कळांनी पाहिलं आहे. इमारती कापून काढलेल्या चौकटीत यातलं काहीच सांगता येत नाही.

निवेदन मोजून लिहावं. सावकाश मराठीत मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. चाळीस सेकंदांत ऐंशीपेक्षा जास्त कोंबले तर चोचीतलं पाणी ऐकायला जागा उरत नाही. चाळीस शब्द पुरतात. डोळ्यांना दिसतंय ते सांगू नये. ‘गुलाबी पक्षी चिखलात उभे आहेत’ या वाक्याऐवजी ‘तासाभरात हा चिखल बुडेल’ हे एक वाक्य पुढच्या तीन शॉटना अर्थ देतं.

होडी नसेल तर

सुरुवात रोहितांनी करायची गरज नाही. ओहोटीला कांदळवनाच्या कडेला, काठावरून, निवटे (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) आणि खेकडे मिळतात. ज्याच्या एका बाजूचा पंजा प्रचंड मोठा असतो तो खेकडा म्हणजे नर. तो हा पंजा हलवून माद्यांना बोलावतो आणि दुसऱ्या नरांना दटावतो. तुम्ही आलात की सगळे बिळांत. खाली बसायचं, सावली बिळांवर पडू द्यायची नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही. आधी डोळे बाहेर येतात, मग अंग. शंभर मिलिमीटरचं मॅक्रो भिंग आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवलेला कॅमेरा पुरतो. परवानगीचा नियम इथेही तोच.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडच्या भागात, येऊरच्या जंगलात, गणित वेगळं. तिथला बिबट्या थांबून मिळत नाही, त्याच्या वाटेवर वन खात्याच्या परवानगीने आपोआप चालणारा कॅमेरा लावतात. हा कॅमेरा उष्णतेतला फरक ओळखतो. एप्रिलच्या दुपारी जमीनच अंगाइतकी तापली की त्याला प्राणी दिसत नाही, आणि उन्हात हलणारं गवत मात्र शेकडो रिकाम्या चित्रफिती भरतं. उंची माणसाच्या गुडघ्याइतकी, वाटेला काटकोनात नाही तर जरा तिरका, आणि समोरासमोर दोन. कारण बिबट्याच्या डाव्या-उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, आणि दोन्ही बाजू हातात नसतील तर हा तोच की दुसरा हे सांगता येत नाही.

घरी आल्यावर

फोर-के चित्रफीत १०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने घेतली तर तासाला ४५ जीबी होते. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. कार्ड पुसण्याआधी तिन्ही उघडून पाहायच्या. आणि प्रत्येक शॉटपुढे वहीत: तारीख, तिथी, वेळ, भरती चढती की उतरती, जागा, जात. चित्रपटात चाळीस सेकंद गेले तरी उरलेले कित्येक तास या एका ओळीमुळे कामाचे राहतात.

पायांचे शॉट तर दुसऱ्यांदा, थांबवून थांबवून पाहावेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक रोहितांच्या पायांत कडी घालतात. २०२२ मध्ये काहींच्या अंगावर जीपीएस यंत्रंही बसवली आणि पक्षी इथून गुजरातपर्यंत कसे जातात ते पाहिलं. तुमच्या चित्रफितीत कडं दिसलं तर ती चौकट मोठी करा. कडं डाव्या पायात की उजव्यात, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं वरून खाली वाचायची की खालून वर, हे सगळं उतरवून घ्या आणि तारीख-जागेसह सोसायटीला कळवा. ओला चिखल लागून अर्धं अक्षर झाकलेलं असतं. पक्षी पाय उचलतो, पाण्यात बुडवतो, पुन्हा उचलतो. शंभर चौकटींच्या वेगाने घेतलेल्या शॉटमध्ये कुठल्यातरी एका चौकटीत ते धुतलेलं असतं.